दहावीच्या मुलांना अक्रोड नको, दुपारचे जेवण द्या

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या आरोग्य पुरवणीत परीक्षांच्या तोंडावर ‘स्मरणशक्ती वाढवणारा आहार’ या विषयावर जो लेख प्रसिद्ध झाला, तो वाचून हे पत्र लिहीत आहे. अक्रोड, बदाम, ब्लूबेरी, ॲव्होकॅडो, सामन मासा आणि डार्क चॉकलेट असे सहा पदार्थ त्यात सुचवले आहेत. आमच्या कवठेमहांकाळच्या बाजारात त्यांपैकी पहिले दोन सहज मिळतात, आणि तेही घेणारे बहुतेक पालक मुलाचे दहावीचे वर्ष असेल तरच हात सैल सोडून घेतात. लेखकाच्या हेतूबद्दल शंका नाही. परंतु असा लेख वाचून ज्या घरात महिन्याला चार-पाचशे रुपये सुक्या मेव्यावर आणि ‘मेमरी पावडर’च्या डब्यावर खर्च होतात, त्याच घरातील मुलगी सकाळी कोऱ्या चहाबरोबर शिळी चपाती खाऊन शाळेला जाते, हे मी विज्ञान शिक्षक म्हणून नोकरीत असताना वर्षानुवर्षे पाहिले आहे, आणि म्हणून या विषयाची दुसरी बाजू मांडणे मला आवश्यक वाटते.

आपण जे खातो त्याचा मेंदूच्या कामावर परिणाम होतो, हे लेखातील मूळ विधान निर्विवाद आहे. प्रौढ माणसाचा मेंदू शरीराच्या वजनाच्या जेमतेम दोन टक्के असतो. तरीही माणूस स्वस्थ बसलेला असताना शरीर जी ऊर्जा खर्च करते, तिच्यातील सुमारे वीस टक्के वाटा एकट्या मेंदूचा असतो. पाच वर्षांच्या आसपासच्या मुलात तर दिवसभराच्या एकूण ऊर्जेपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक ऊर्जा मेंदूकडे जाते. मेंदूजवळ स्वतःचा म्हणावा असा साखरेचा साठा नसतो, ती रक्तातून अखंड पुरवावी लागते. तेव्हा उपाशी मुलाचे गणिताच्या तासाला लक्ष लागत नाही यात त्याच्या आळशीपणाचा काही संबंध नाही.

मात्र भरल्या ताटात आणखी एखादा उंची पदार्थ वाढल्याने मेंदू किती तल्लख होतो आणि रिकाम्या ताटातील उणीव भरून काढल्याने किती फरक पडतो, हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि वर्तमानपत्री लेखांत त्यांची सर्रास गल्लत होते. अक्रोडाचेच उदाहरण घ्या. अक्रोडाचा गर मेंदूसारखा दिसतो म्हणून तो मेंदूला पोषक, ही समजूत जुनी आहे. त्याची रीतसर चाचणी बार्सिलोना आणि कॅलिफोर्निया या दोन ठिकाणी सातशेहून अधिक निरोगी ज्येष्ठ नागरिकांवर दोन वर्षे चालली. तिचे निष्कर्ष २०२० साली प्रसिद्ध झाले, तेव्हा रोज अक्रोड खाणारा गट आणि न खाणारा गट यांच्या आकलनशक्तीत एकंदरीत फरक आढळला नाही. ही माणसे खाऊनपिऊन सुखी होती, त्यांच्या आहारात मुळातच फारसे काही कमी नव्हते. अक्रोड खाऊ नये असा याचा अर्थ नाही. हृदयासाठी तो चांगलाच आहे. पण ज्याला परवडत नाही त्याने आपल्या मुलाची बुद्धी अक्रोडावाचून अडली आहे असे मानून मन खात बसण्याचे कारण नाही.

आता रिकाम्या ताटाकडे वळू. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांपैकी ६८.९ टक्के आणि १५ ते ४९ वयाच्या महिलांपैकी ५४.२ टक्के रक्तक्षयी आढळल्या. प्रत्येक रक्तक्षय लोहाच्या कमतरतेनेच होतो असे नाही, पण त्याचे सर्वांत मोठे एकटे कारण तेच मानले जाते. लोह म्हटले की आपल्याला फक्त रक्त आठवते. मेंदूत डोपामिन आणि सेरोटोनिन ही संदेशवाहक द्रव्ये तयार करणाऱ्या विकरांना लोह लागते, आणि मज्जातंतूंवरचे जे स्निग्ध आवरण संदेशाचा वेग वाढवते, त्याच्या घडणीलाही लोह लागते. कोस्टारिका या देशात बेट्सी लोझोफ यांनी तान्हेपणी लोहाची तीव्र आणि दीर्घकाळ कमतरता असलेल्या मुलांचा पाठपुरावा ती एकोणीस वर्षांची होईपर्यंत केला. औषधाने त्यांचा रक्तक्षय तान्हेपणीच बरा झाला होता, तरीही बौद्धिक चाचण्यांत ती इतरांच्या मागेच राहिली. रक्ताचे नुकसान भरून निघते, वेळ निघून गेल्यावर मेंदूचे तितके निघत नाही, एवढा बोध त्यातून घेता येतो, आणि तो अंगणवाडीच्या वयाला सर्वाधिक लागू आहे.

किशोरवयात मात्र अजून बरेच काही करता येते, आणि त्याचा पुरावा परदेशातला नसून आपल्याच राज्यातला आहे. महाराष्ट्रातील ग्रामीण निवासी शाळांत राहणाऱ्या किशोरवयीन मुलामुलींना सहा महिने रोज बाजरीची भाकरी आणि बाजरीची शेव देण्यात आली. एका गटाला नेहमीची बाजरी, दुसऱ्या गटाला निवड पद्धतीने लोहाचे प्रमाण वाढवलेली बाजरी. मुले कोणत्या गटात आहेत हे चिठ्ठ्या टाकावे तसे ठरवलेले होते. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, जास्त लोहाची बाजरी खाणाऱ्या मुलांची प्रगती लक्ष देण्याच्या आणि स्मरणाच्या अनेक चाचण्यांत दुसऱ्या गटापेक्षा सरस ठरली. गोळी नाही, इंजेक्शन नाही, फक्त भाकरीचे पीठ वेगळे. बाजरीचे हे वाण ‘धनशक्ती’ या नावाने २०१२ साली महाराष्ट्रात लागवडीसाठी प्रसारित झाले. जत, आटपाडी, कवठेमहांकाळ आणि शेजारच्या सातारा जिल्ह्यातील माण, खटाव हे आपले बाजरीचे तालुके. तरीही माझ्या ओळखीच्या शेतकऱ्यांपैकी बहुतेकांनी या वाणाचे नाव ऐकलेले नाही. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे झाले. तालुक्या-तालुक्यात फलक लागले, पाककृती स्पर्धा झाल्या, नाचणीचे केक कापले गेले. बियाण्याच्या पिशवीवर कोणते नाव वाचून घ्यावे, एवढी एक ओळ त्या फलकांवर आली असती तर बरे झाले असते.

बाजरीची थोरवी सांगताना भाकरीने सगळे भागते असा समज होऊ नये, म्हणून एक जुनी गोष्ट नोंदवतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतील डॉ. सी. गोपालन आणि त्यांचे सहकारी यांनी १९६० च्या सुमारास दख्खनच्या पठारावरील ज्वारी खाणाऱ्या गरीब शेतमजुरांत पेलाग्रा हा रोग दिसतो, याकडे लक्ष वेधले. या रोगात अंगाला उन्हाने चट्टे पडतात, जुलाब होतात आणि पुढे बुद्धिभ्रंश होतो. नायसिन या जीवनसत्त्वाची उणीव हे त्याचे कारण आहेच, परंतु ज्वारीतील ल्यूसिन या घटकाचे आधिक्य त्यात भर घालते असे त्यांनी मांडले. ज्यांच्या भाकरीबरोबर डाळ, शेंगदाणे आणि दूध-ताक होते त्यांना हा रोग होत नव्हता. भाकरी, मिरची आणि मीठ यांवर ज्यांचे वर्ष निघत होते त्यांना होत होता. म्हणजे आमच्या भागातील हुलगा, मटकी, कोरेगावचा घेवडा, कारळ्याची आणि जवसाची चटणी ही भाकरीची नुसती तोंडी लावणी नाहीत.

सरकारी उपायांचे म्हणाल तर शाळेत मिळणारी निळी गोळी हा कागदावर उत्तम उपाय आहे. आठवड्याला एक, साठ मिलिग्रॅम लोह आणि पाचशे मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड. शिवाय वर्षातून दोनदा जंतनाशक गोळी. प्रत्यक्षात काय होते ते वर्गात उभ्या असलेल्या माणसाला दिसते. मी ज्या शाळेत होतो तेथे गोळीचा वार सोमवार होता. सोमवारी कित्येक मुलींचा उपवास, श्रावणात तर निम्म्या वर्गाचा. पहिल्या तासाला हजेरी घेताना गोळी वाटायची, मुलींनी ती शिक्षकांसमोर घ्यायची, असा नियम. रिकाम्या पोटी लोहाची गोळी घेतली की मळमळते, पोटात ढवळते, आणि दुसऱ्या दिवशी शौचाला काळे झाले की घरी घाबरगुंडी उडते. मग पुढच्या सोमवारी गोळी जिभेखाली धरून ठेवायची आणि शिक्षक फळ्याकडे वळले की कंपास पेटीत टाकायची, ही युक्ती एकीकडून दुसरीकडे पसरायला वेळ लागत नाही. गोळीने पुढे मूल होत नाही अशी अफवाही मी ऐकलेली आहे. रजिस्टरमध्ये मात्र सर्वांपुढे बरोबरची खूण असते. या मुलींना दोष देण्यात अर्थ नाही. हीच गोळी दुपारच्या जेवणानंतर दिली आणि शौचाचा रंग बदलणे निरुपद्रवी आहे हे आधीच सांगितले, तर तक्रारी पुष्कळ कमी होतात.

याच ओघात चहाचा उल्लेख केला पाहिजे, जरी तो अप्रिय वाटेल. धान्य, कडधान्य आणि पालेभाज्यांतील लोह आधीच कमी शोषले जाते. जेवणाबरोबर चहा घेतला तर त्यातील टॅनिनमुळे हे शोषण निम्म्याहूनही खाली येते. उलट लिंबू, आवळा, पेरू, हिरवी कोथिंबीर यांतील क जीवनसत्त्वाने ते वाढते. चहा सोडा असे सांगून आपल्या जिल्ह्यात कोणी ऐकणार नाही, आणि मीही सोडलेला नाही. पण चहा-चपाती हा मुलांचा नाश्ता होऊ नये, चहा आणि खाणे यांत तासाभराचे अंतर असावे, एवढे तरी पाळता येण्यासारखे आहे.

चहाच्या कपातील दुधाचाही एक प्रश्न आहे. पहाटे आमच्या गावातील दूध संकलन केंद्रावर उभे राहिले तर शाळेच्या गणवेशातील मुले सायकलला किटल्या अडकवून आलेली दिसतात. दूध मापले जाते, फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातील इतर घन घटक) लागून चिठ्ठी निघते, आणि मुलगा रिकामी किटली घेऊन घरी जातो. घरी चहापुरते पावशेर मागे ठेवलेले असते. दर दहा दिवसांच्या बिलातून पेंडेचे पैसे वळते होतात, उरलेल्यातून किराणा चालतो. त्यामुळे ही घरे कंजूष आहेत असे म्हणण्याचा उद्धटपणा मी करणार नाही. परंतु दुधाच्या या पट्ट्यात, ज्या घरी दोन-दोन जर्सी गायी आहेत, त्या घरातील मुलांना दिवसातून एक पेलाभरही दूध मिळत नाही, ही वस्तुस्थिती आहे.

याचा मेंदूशी संबंध ब-१२ या जीवनसत्त्वाद्वारे येतो. हे जीवनसत्त्व कोणत्याही धान्यात, कडधान्यात, भाजीत किंवा फळात मिळत नाही. मांस, मासे, अंडी आणि दूध एवढेच त्याचे नैसर्गिक मार्ग आहेत. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळील सहा गावांतील मातांचा आणि त्यांच्या मुलांचा जो दीर्घ अभ्यास चालवला, त्यात सुमारे दोन-तृतीयांश गर्भवतींमध्ये ब-१२ कमी आढळले. फॉलेटची, म्हणजे निळ्या गोळीतल्या फॉलिक ॲसिडची, कमतरता मात्र जवळपास कोणातच नव्हती. पुढे ही मुले नऊ वर्षांची झाल्यावर, गरोदरपणी ज्यांच्या आईच्या रक्तात ब-१२ फारच कमी होते ती मुले, ज्यांच्या आईचे ब-१२ चांगले होते त्या मुलांच्या तुलनेत, लक्ष टिकवण्याच्या आणि अल्पकालीन स्मृतीच्या चाचण्यांत मागे पडली. ही गावे, तेथील शेती आणि स्वयंपाकघरे आपल्या भागापेक्षा फार वेगळी नाहीत. प्रौढ माणसाची रोजची गरज दोन-अडीच मायक्रोग्रॅम इतकी क्षुल्लक आहे, आणि मोठा पेलाभर दूध किंवा दही तिचा बराच भाग भागवते. आपल्याकडे अनेक घरे माळकरी आहेत, तेथे अंड्या-मांसाचा आग्रह धरणे अनुचित होईल; पण अशा घरांतील गर्भवतीच्या वाट्याचे दूध डेअरीला जाऊ नये, एवढा आग्रह सासूबाईंकडे नक्कीच धरता येईल. (दुधात लोह मात्र नगण्य असते. म्हणून दूध पाजले की सगळे झाले असेही नाही.)

शालेय पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडे किंवा केळे देण्याची योजना राज्य शासनाने २०२३ साली आणली होती. जानेवारी २०२५ मध्ये अंड्यांसाठीचा निधी थांबवून, हवे असल्यास लोकसहभागातून द्यावे, असे शाळांना कळवण्यात आले. अंड्यातून ब-१२ मिळते आणि स्मृतीशी निगडित ॲसिटिलकोलीन तयार करण्यास लागणारे कोलीनही मिळते. पर्याय म्हणून दिले जाणारे केळे वाईट नाही, पण त्यात ब-१२ औषधालाही नाही. अंडे न खाणाऱ्या मुलांसाठी केळ्याऐवजी दूध किंवा दही हा पर्याय दुधाच्या जिल्ह्यात का ठेवला गेला नाही, हे मला कधीच उमगले नाही.

वृद्धांबद्दल थोडक्यात लिहितो. मधुमेहासाठी वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन किंवा पित्तासाठी आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांत ब-१२ घटू शकते, आणि विसराळूपणा, हातापायांना मुंग्या, तोल जाणे ही लक्षणे ‘वय झाले’ म्हणून सोडून दिली जातात. मिरज-सांगलीसारख्या वैद्यकीय सोयींच्या ठिकाणी ही तपासणी सहज होते.

आयोडीनबाबत आपण कमावलेले घालवत आहोत की काय, अशी भीती वाटते. गर्भातील मेंदूच्या वाढीला थायरॉइडचे संप्रेरक लागते आणि त्या संप्रेरकाला आयोडीन. हिमाचलातील कांगडा खोऱ्यात १९५६ पासून डॉ. व्ही. रामलिंगस्वामी यांनी आयोडीनयुक्त मीठ देऊन गलगंड कमी करून दाखवला, आणि त्यातूनच १९६२ साली राष्ट्रीय कार्यक्रम उभा राहिला. एवढे झाल्यावर आता सुशिक्षित घरांतून ‘नैसर्गिक’ म्हणून सैंधव आणि गुलाबी मीठ रोजच्या वापरात येऊ लागले आहे, ज्यात बहुधा आयोडीन मिसळलेले नसते. उपवासाला सैंधव ठीक आहे. घरात गर्भवती किंवा लहान मूल असताना रोजच्या आमटीत साधे आयोडीनयुक्त मीठच असावे.

हळदीबद्दल सांगलीकराने काही बोलू नये असा संकेत असेल तर तो मोडतो. हळदीने स्मृतिभ्रंश टळतो याला माणसांवरील चाचण्यांतून ठोस आधार मिळालेला नाही, कारण त्यातील करक्युमिन आतड्यातून फारच थोडे रक्तात जाते. आमची हळद रंगाला, वासाला आणि भावाला उत्तम आहे, तेवढे पुरे. त्याहून काळजीची गोष्ट म्हणजे बसस्थानकावरच्या टपऱ्यांवर स्वस्तात मिळणारी कॅफीनयुक्त पेये. रात्री जागून अभ्यास करण्यासाठी नववी-दहावीची मुले ती पितात. बाटलीवर ‘लहान मुलांसाठी शिफारस केलेली नाही’ असे बारीक अक्षरांत छापलेले असते. दिवसा वाचलेले मेंदूत पक्के होते ते झोपेत, आणि हे पेय नेमकी झोपच हिरावून घेते.

या सगळ्याचा रोख ज्या मागणीकडे आहे ती आता मांडतो. शालेय पोषण आहार पहिली ते आठवीपर्यंत आहे. प्राथमिकला ४५० कॅलरी व १२ ग्रॅम प्रथिने, उच्च प्राथमिकला ७०० कॅलरी व २० ग्रॅम प्रथिने असे त्याचे प्रमाण. नववीत पाऊल टाकले की हे जेवण बंद होते. मुलींचे लोह सर्वाधिक खर्ची पडते ते याच वयात, वाढीचा वेग मोठा असतो तो याच वयात, आणि सकाळचे जादा तास धरून मूल सर्वाधिक वेळ शाळेत असते तेही याच वयात. वाडी-वस्तीवरून एसटीने येणारी मुलगी सकाळी घर सोडते ती दिवेलागणीला परतते, आणि मधल्या सुट्टीत दहा रुपयांचा वडापाव किंवा कुरकुरीत पाकीट यावर दिवस काढते. आपण तिच्याकडून नव्वद टक्क्यांची अपेक्षा करतो.

राज्याने ही योजना दहावीपर्यंत न्यावी हे उघड आहे, पण ते होईपर्यंत हातावर हात ठेवून बसण्याची गरज नाही. जिल्हा परिषदेचा सेस फंड, ग्रामपंचायतींचे स्वतःचे उत्पन्न, साखर कारखाने आणि दूध संघ यांचा सामाजिक निधी यांतून किमान पूर्व भागातील दुष्काळी तालुक्यांत नववी-दहावीसाठी दुपारी बाजरीची भाकरी, घेवड्याची किंवा मटकीची उसळ, लिंबाची फोड आणि वाटीभर दही देणे अशक्य नाही. खर्चाचा अंदाज काढणे हे जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागाचे काम आहे. तो त्यांनी काढून जाहीर करावा, अशी विनंती आपल्या दैनिकामार्फत करतो. जेवणाने सगळी मुले गुणवत्ता यादीत येतील असा माझा दावा नाही. शिकवणे, झोप, घरातील वातावरण यांचा वाटा मोठा आहे, आणि त्यांची जागा कोणतीही भाकरी घेत नाही.

एक गोष्ट मात्र पैशाविना होण्यासारखी आहे. निळ्या गोळीचा वार उपवासाचा नसावा आणि वेळ मधल्या सुट्टीनंतरची असावी, हे मुख्याध्यापकांच्या पातळीवर आरोग्य सेविकेशी बोलून ठरवता येते. येत्या जूनमध्ये शाळा उघडतील तेव्हा वेळापत्रक करतानाच त्यात बुधवार किंवा शुक्रवारची नोंद व्हावी.

कळावे,
आपला विश्वासू,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक
कवठेमहांकाळ, जि. सांगली